प्लास्टिकचं तेल, शेवाळाचा कोळसा

सरगॅसम हे तपकिरी समुद्री शेवाळ हातात घेतलं, तर फांद्यांना मिरीच्या दाण्याएवढे गोल फुगे लगडलेले दिसतात. त्या फुग्यांतल्या हवेवरच ते तरंगतं. 2011 पासून अटलांटिक महासागरात ते बेसुमार वाढू लागलं. 2018 मध्ये पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत 8,850 किलोमीटर लांबीचा, दोन कोटी टनांहून जड असा त्याचा पट्टा उपग्रहांनी टिपला. कॅरिबियन किनाऱ्यांवर त्याचे ढीग लागतात आणि ते कुजलं की सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते. त्यात गुंतून पिशव्या, बाटल्या, जाळ्यांचे तुकडेही येतात.

शेवाळ आणि प्लास्टिक या दोन्हींपासून इंधन होतं, हे खरं आहे. पण त्याबद्दलच्या कित्येक समजुती चुकीच्या आहेत.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे प्लास्टिकपासून काढलेलं तेल हे अक्षय इंधन आहे. ते तसं नाही. प्लास्टिक मुख्यतः खनिज तेल आणि नैसर्गिक वायूपासूनच बनतं. त्याचं तेल जाळलं, की कोट्यवधी वर्षं जमिनीखाली असलेला कार्बन हवेत जातो. शेवाळाने मात्र आपला कार्बन अलीकडेच, वाढता वाढता घेतलेला असतो. दोन्हींपासून एकत्र काढलेल्या तेलात अक्षय म्हणायचा तो फक्त शेवाळाचा वाटा.

शेवाळ वाळवून भट्टीत घातलं की काम झालं, असंही अनेकांना वाटतं. ताज्या शेवाळात 80 टक्क्यांहून अधिक पाणी असतं. ते वाळवण्यातच बरीच ऊर्जा खर्ची पडते. म्हणून ओला लगदाच बंद पात्रात सुमारे 300 ते 350 अंशांना तापवतात. तत्त्व प्रेशर कुकरचंच, पण दाब हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट. त्यातून तेल, वायू, खनिजं विरघळलेलं पाणी आणि घट्ट चोथा निघतो. ब्रिटनमधल्या बाथ आणि एक्झेटर विद्यापीठांच्या संशोधकांनी शेवाळ आणि प्लास्टिक या पद्धतीने एकत्र वापरून पाहिलं आहे.

मागे उरलेला काळा चोथा म्हणजे बायोचार, तो खुशाल शेतात टाकावा? मुळीच नाही. बायोचार म्हणजे जैविक पदार्थ हवेच्या अभावी तापवून केलेला कोळसा. प्लास्टिकच्या चोथ्यात रंग, भराव आणि कधी जड धातूही असतात. निव्वळ सरगॅसमचा कोळसाही डोळे झाकून वापरण्याजोगा नाही, कारण त्यात मीठ असतं आणि आर्सेनिकही. आधी तपासणी, मगच माती.

भट्टीशिवायही वाट आहे. बार्बाडोसमध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या लेजेना हेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरगॅसम, रम कारखान्यांचं सांडपाणी आणि मेंढ्यांच्या लेंड्या कुजवून वायू मिळवला. 2024 मध्ये त्या वायूवर मोटार चालवून दाखवली.

कुठलंही प्लास्टिक चालतं, हाही भ्रमच. दुधाच्या पिशव्या आणि बादल्यांच्या प्लास्टिकपासून चांगलं तेल मिळतं. नळाच्या पाइपचं पीव्हीसी तापलं की हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि यंत्र गंजतं. पाण्याच्या बाटल्यांच्या 'पेट' प्लास्टिकमुळे नळ्या तुंबतात. त्या बाटल्यांचा पुनर्वापर करणंच शहाणपणाचं. पुण्याच्या 'रुद्र' संस्थेने घराघरांतून प्लास्टिक गोळा करून जेजुरीजवळ त्याचं तेल काढलं आहे.

तेव्हा दुधाची पिशवी कापताना तिचा कोपरा वेगळा करू नका. पिशवी धुऊन, वाळवून निराळी ठेवा, आणि नळाच्या पाइपचे तुकडे त्यात मिसळू नका.