आंबट चेरीचा लाल रंग

केकवर ठेवलेली लाल चेरी तुम्ही पाहिली असेल. ती पुष्कळदा करवंदे साखरेच्या पाकात मुरवून व रंग देऊन बनवलेली असते. खरी चेरी थंड प्रदेशात पिकते. काश्मीर व हिमाचल प्रदेशातून आपल्याकडे येणारी चेरी बहुधा गोड असते. या गोड चेरीची एक आंबट बहीण आहे. फारसीत तिला 'आलबालू' म्हणतात. हाच शब्द उर्दूत 'आलूबालू' झाला. इराणमध्ये हे फळ पुलावात घालतात, तर तुर्कस्तानात त्याचे सरबत करतात.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात आंबट चेरीच्या मोठ्या बागा आहेत. शेजारच्या विशाल सरोवरामुळे तेथील हवा वसंत ऋतूत उशिरा तापते. त्यामुळे झाडांना फुलेही उशिरा येतात आणि ती कडक थंडीच्या तडाख्यातून वाचतात. जुलै महिन्यात यंत्राने झाड हलवून फळे खाली ताणलेल्या कापडावर पाडतात.

आंबट चेरीच्या जाती अनेक आहेत. 'माँटमोरेन्सी' ही मूळची फ्रान्समधील जुनी जात. तिची साल लाल, पण गर पिवळसर असतो. 'मोरेलो' जातीचा गर आणि रस दोन्ही गडद लाल असतात. 'बालाटोन' ही जात हंगेरीतून १९८४ साली मिशिगनमध्ये आणली गेली. हंगेरीतील एका सरोवरावरून तिला हे नाव मिळाले. तिचा गरही लाल असतो.

हा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. जांभूळ, करवंद आणि कोकम यांचा रंगही याच कुळातील द्रव्यांचा आहे. ही द्रव्ये केवळ शोभेची नाहीत. चिरलेले सफरचंद थोड्या वेळाने तपकिरी पडते, हे तुम्ही पाहिले असेल. हवेतील ऑक्सिजनमुळे असे होते. आपल्या शरीरातही ऑक्सिजनमुळे काही अतिशय चंचल कण तयार होतात आणि ते पेशींना इजा करतात. अशा कणांना शांत करणाऱ्या द्रव्यांना 'ऑक्सिडीकरणरोधक' म्हणतात. प्रयोगशाळेत अँथोसायनिन हे काम चांगले करताना दिसते.

त्याचे दुसरे काम विकरांशी संबंधित आहे. विकर म्हणजे एन्झाइम. विकरे शरीरातील रासायनिक क्रिया जलद घडवून आणतात. विकर हे कुलूप समजा. त्यात योग्य किल्ली बसली की क्रिया घडते. पण कुलपात दुसरेच काही अडकले, तर किल्ली आत जाऊ शकत नाही आणि क्रिया थांबते. सूज आणि वेदना निर्माण करणारी द्रव्ये एका विकरामुळे तयार होतात. अ‍ॅस्पिरिनची गोळी याच द्रव्यांची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवले. त्याला १९८२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे १९९९ साली मिशिगन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी आंबट चेरीतील अँथोसायनिन तपासले. परीक्षानळीत तेही त्याच विकराला अडवते, असे त्यांना आढळले.

मग चेरी खाल्ली की औषधाची गरज नाही, असे म्हणावे का? नाही. परीक्षानळी वेगळी आणि माणसाचे शरीर वेगळे. खाल्लेल्या अँथोसायनिनचा फारच थोडा भाग रक्तात पोहोचतो. तरीही काही विक्रेत्यांनी चेरीमुळे मोठमोठे आजार बरे होतात, असे सांगायला सुरुवात केली. तेव्हा २००५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा २९ कंपन्यांना ताकीद दिली. फळ आवडीने खावे, पण आजारी पडल्यावर डॉक्टरांकडेच जावे. जाहिरात वाचून कोणी चालू औषध बंद केले, तर जिवावर बेतू शकते.

करून पाहा : लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात बुडवून ठेवा. रंग उतरल्यावर ते पाणी दोन पेल्यांत घ्या. एका पेल्यात लिंबू पिळा. दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. एक पाणी लालभडक होईल, दुसरे हिरवट. पाकळ्यांतील अँथोसायनिनची ही करामत आहे.

स्वाध्याय
१. मिशिगनमध्ये चेरीची फुले थंडीतून का वाचतात?
२. कुलूप व किल्लीचे उदाहरण तुमच्या शब्दांत सांगा.
३. चेरी हे औषध का नाही?