साखरेच्या वेष्टनातलं लोह

परतवाडा सोडून चिखलदऱ्याचा घाट लागला, की आपण हौसेनं खिडकीशी बसतो. देवी पॉइंट, कॉफीची झाडं, धुकं! पण मैत्रिणींनो, याच मेळघाटातल्या आडगावची एखादी सात महिन्यांची गरोदर बाई रक्तवाढीच्या इंजेक्शनासाठी असेच डोंगर पाच-पाच वेळा कसे ओलांडत असेल?

प्रश्न तिचा एकटीचा नाही हं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्यात शहरातल्या आपणही आलोच.

उपाय पहिला गोळ्यांचाच. पण त्यांनी मळमळतं, पोट साफ होत नाही, नि निम्म्या गोळ्या फडताळातच राहतात. (त्यातून आपण त्या चहाबरोबर घेणार! चहा-कॉफीनं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी घ्या.)

मग लोह शिरेतून देतात. नुसतं लोह रक्तात सोडलं तर ते विषच. म्हणून संक्रांतीला तिळावर पाक चढवून हलवा करतो ना, तसं लोहाच्या कणावर साखरेच्या जातीचं वेष्टन चढवतात. कण केवढा? तर काही नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर! यकृतातल्या नि प्लीहेतल्या पेशी हे कण गिळतात आणि आतलं लोह हळूहळू सोडतात. 'नॅनो औषध' म्हणतात ते असं.

आयर्न सुक्रोज एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅम देतात. हजार हवं तर पाच खेपा. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचं वेष्टन जास्त घट्ट. त्यामुळे हजार मिलिग्रॅम एकाच बैठकीत, पंधरा मिनिटांत जातं. आडगावच्या बाईला याचं मोल किती, ते सांगायला नकोच.

पण हुरळून जाऊ नका. हे औषध महाग. शिवाय त्यानं काहींच्या रक्तातलं फॉस्फेट उतरतं. जुन्या आयर्न डेक्स्ट्राननं काही जणींच्या जिवावर बेतलं होतं. नव्या औषधांत तशी ॲलर्जी क्वचितच होते, तरी सुई टोचून घेतल्यावर अर्धा तास तिथंच बसा, पोरं घरी वाट बघत असली तरी! पहिल्या तीन महिन्यांत हे इंजेक्शन देत नाहीत.

आणखी एक गोम आहे. तीळ तेच, साखर तीच, पण काटा प्रत्येकीच्या हलव्याला सारखा फुलतो का? इथंही तसंच. घटक तेच असले तरी कणाचा आकार नि वेष्टन बनवण्याच्या पद्धतीवर ठरतं. म्हणून दुसऱ्या कारखान्याचं तेच औषध अंगात तसंच वागेल असं गृहीत धरता येत नाही. दुकानदारानं परस्पर बदलून दिलं, तर डॉक्टरांना दाखवूनच घ्या.

आणि सातव्या महिन्यानंतर हिमोग्लोबिन सातच्या खाली आलं, तर गोळ्या नि बीट-पालकावर विसंबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.