जुन्या मागाची उभारणी

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं माग आहेत. आणि ज्यांच्या घरीं ते नाहींत, त्यांनाही मागांच्या खडखडाटावांचून झोंप येत नाहीं. श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे हे इचलकरंजीचे जहागीरदार असतां, सन १९०४ मध्यें विठ्ठलराव दातार यांनीं येथें पहिला यंत्रमाग बसविला, आणि पुढें हें गांव मागांचेंच झालें. महाराष्ट्रांतील मागांच्या गांवीं गिरण्यांनीं मोडींत काढलेले माग विकत घेऊन कित्येक कुटुंबांनीं आपला धंदा उभारला. असा जुना धोट्याचा माग कसा बसवावा व त्याचा दोष कसा शोधावा, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

मागाचीं मुख्य कामें तीन. वह्या ताण्याचे धागे वर-खालीं करून मध्यें फट पाडतात. त्या फटींतून धोटा बाण्याचा धागा घेऊन जातो. आणि फणी तो धागा कापडाच्या कडेस ठोकून बसविते. मिनिटास १६० फेरे होत असतील, तर एका फेऱ्यास सेकंदाचे तीन अष्टमांश लागतात, व त्यांतील सुमारे तिसरा हिस्साच धोट्याच्या वाट्यास येतो. म्हणजे सेकंदाच्या आठव्या भागांत त्यानें एका पेटींतून निघून दुसरींत शिरलें पाहिजे. एवढ्या घाईंत एकाचेंही पाऊल चुकून चालत नाहीं.

म्हणून उभारणींत उतावीळ करूं नये. प्रथम जमीन टणक करावी. मागाची चौकट ठेवून पाणसळीनें लांबीकडून व रुंदीकडून पातळी पाहावी. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील दोन्ही कर्ण मोजून ते समान आहेत अशी खात्री करावी. वरचा दांडा दोनदां फिरतो तेव्हां खालचा एकदां फिरतो. हे दोन्ही दांडे समांतर असावेत व त्यांच्या आधारांत खिळखिळेपणा नसावा. फणी आणि धोट्याच्या पेटीची मागची भिंत एका रेषेंत आहे किंवा नाहीं, हें पोलादी पट्टी लावून पाहावें. मग वंगण घालून, मोटार जोडण्यापूर्वीं, चाक हातानेंच फिरवावें. फणी कापडास टेकते त्या सुमारास वह्या समपातळींत याव्यात, आणि त्यानंतर साधारण पाव फेऱ्यानें धोट्यास फटका बसावा.

दोष शोधणें मात्र याहून कठीण. माझ्या लहानपणीं आमच्या घरीं एक जुना माग आणला होता. आईच्या पाटल्या त्यांत गेल्या होत्या. आठव्या दिवशीं धोटा उडाला आणि थोरल्या भावाच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. फटका फार जोराचा आहे असें समजून वडिलांनीं तो कमी केला. तेव्हां धोटा वेळेवर पेटींत पोंचेना. तसें झालें कीं मागाचा अडसर पुढें येऊन फणीस जागींच थांबवी. हा अडसर ताण्याचा रक्षकच होय, परंतु त्या वेळीं आम्हांस तो वैरी वाटला. वडिलांनीं फटका पुन्हां वाढविला. धोटा पुन्हां उडाला. पट्टा बदलला, पिकर बदलला, पेटीही घट्ट केली. तीन दिवस कापड बंद राहिलें, आणि सुताचे पैसे देण्याची मुदत जवळ येत चालली.

अखेर एक वृद्ध जॉबर आले. त्यांनीं पान्यास हात न लावतां पाणसळ मागितली. एका पायाखालची जमीन खचली होती! त्यामुळें चौकट पिळवटून फणी व पेटी यांची रेषा मोडली होती. त्यांनीं त्या पायाखालीं पत्र्याचा तुकडा सरकविला, पट्टी लावून रेषा साधली, आणि आम्हीं केलेले सर्व फेरफार एकेक करून पूर्ववत् केले. सायंकाळीं माग चालूं लागला. जातांना ते वडिलांना म्हणाले, "मालक, दुखणें डोक्याला होतं, पण कारण पायाशीं होतं."

यांतून घेण्यासारखें एवढेंच, कीं दोष जेथें दिसतो तेथेंच तो असतो असें नाहीं. म्हणून पायापासून वर शोधीत यावें, एका वेळीं एकच फेरफार करावा, आणि तो वहींत टिपून ठेवावा. म्हणजे चूक झाली तरी परत फिरतां येतें.

पालकांस एक विनंति आहे. धोटा अडविणारी जाळी अडचण होते म्हणून काढून ठेवूं नका, आणि माग चालू असतां मुलांना पेटीच्या समोर उभें राहूं देऊं नका. कारण गेलेला डोळा कोणत्याही बाजारांत मिळत नाहीं. आतां धोट्यावांचून चालणारे माग आले आहेत, आणि त्यांतही कित्येक जुनेच विकत घेतलेले असतात. यंत्र बदललें तरी शोधण्याची रीत तीच राहते; पाणसळ आधीं, पाना मागाहून.