बर्गर एक, देश अनेक!

दोस्तांनो, अशी कल्पना करा की तुम्ही आई-बाबांबरोबर परदेशात फिरायला गेला आहात. दिवसभर संग्रहालयं आणि किल्ले पाहून पायांचे तुकडे पडलेत. घरून आणलेला चिवडा आणि दशम्या कालच संपल्या. आजूबाजूला हॉटेलं भरपूर आहेत, पण पाट्यांवरचं एक अक्षर वाचता येईल तर शपथ! आणि तेवढ्यात चौकाच्या कोपऱ्यावर दिसते ती इंग्रजी ‘एम’ अक्षराची पिवळीधमक कमान. झालं! सगळ्यांचे चेहरे खुलतात. “चला, ओळखीचं काहीतरी सापडलं!”

पण थांबा. ते खरोखरच ओळखीचं असतं का? पुण्या-मुंबईत खाल्लेला बर्गर आणि पॅरिस, टोकियो किंवा न्यूयॉर्कमधला बर्गर एकच का? आणि त्या बर्गरच्या पोटात नेमकं काय दडलंय, हे आपल्याला माहीत असतं का? आज आपण याच प्रश्नांचा पाठलाग करूया.

तीन महिने दुकान बंद!

ही गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन बर्नार्डिनो नावाच्या गावात. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या दोन भावांनी १९४० साली तिथे एक हॉटेल काढलं. हॉटेल छान चालत होतं. तरीही १९४८ साली त्यांनी ते चक्क तीन महिने बंद ठेवलं. लोकांना वाटलं, भावांचं डोकं फिरलं की काय!

डोकं फिरलं नव्हतं, उलट जोरात चालत होतं. भावांनी पदार्थांची लांबलचक यादी छाटून फक्त नऊ पदार्थ ठेवले. ज्याला काटा-चमचा लागतो असं सगळं बाद! काचेच्या बशा गेल्या, कागदाची वेष्टनं आणि कागदी पेले आले. म्हणजे भांडी घासायची कटकटच संपली. एकाने फक्त बर्गर भाजायचा, दुसऱ्याने फक्त सॉस घालायचा, तिसऱ्याने फक्त बटाटे तळायचे. मोटारीच्या कारखान्यात जशी कामाची साखळी असते, तशीच साखळी स्वयंपाकघरात आली. बर्गरची किंमत ठेवली फक्त १५ सेंट. पुढे नवी इमारत बांधायची ठरली, तेव्हा या भावांनी टेनिसच्या मैदानावर खडूने स्वयंपाकघराचा आराखडा काढला आणि कामगारांना त्यावर हालचाली करायला लावल्या. कुणाचा पाय कुणाच्या पायात येतो, हे पाहायचं होतं ना!

दूध घुसळायची यंत्रं विकणारा रे क्रॉक नावाचा विक्रेता १९५४ साली तिथे आला आणि हे सगळं पाहून थक्कच झाला. १९५५ साली त्याने शिकागोजवळ स्वतःची शाखा काढली आणि १९६१ साली २७ लाख डॉलर मोजून भावांकडून सगळा धंदाच विकत घेतला. मग १९६७ साली कॅनडा, १९७१ साली जपान, १९७५ साली हाँगकाँग... कमान देशोदेशी जाऊन पोचली.

मॉस्कोतली रांग

३१ जानेवारी १९९० या दिवशी रशियाची राजधानी मॉस्कोमध्ये पहिलं मॅकडोनाल्ड्स उघडलं. तेव्हा तिथे सोव्हिएत संघाचं राज्य होतं. दुकानांत साध्या साध्या वस्तूंसाठी रांगा लागायच्या. ऐन थंडीत त्या एका दिवशी तीस हजारांहून जास्त लोक तिथे जेवून गेले! खाऊन झाल्यावर कित्येकांनी कागदी पेले आणि वेष्टनंसुद्धा आठवण म्हणून घरी नेली. त्यांच्यासाठी तो नुसता बर्गर नव्हता. न पाहिलेल्या दूरच्या देशाचा तो एक घास होता.

हे हॉटेल ३२ वर्षं चाललं. २०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला, आणि कंपनी रशियातून बाहेर पडली. हॉटेलं एका रशियन उद्योगपतीने विकत घेतली आणि ती नव्या नावाने सुरू झाली. नाव काय, तर ‘वकुस्नो इ तोच्का’. म्हणजे ‘चविष्ट, बस्स!’ बघा, राजकारण बर्गरपर्यंतही पोचतं ते असं.

पाटी तीच, पण आत?

फिरताना एक गंमत लक्षात ठेवा. पाटी सगळीकडे सारखी असली, तरी आतला पदार्थ त्या त्या देशाप्रमाणे रंग बदलतो.

जपानमध्ये तेरियाकी बर्गर मिळतो. तिथल्या गोडसर, सोयाबीनच्या सॉसची चव त्याला असते. शरद ऋतूत तिथे ‘त्सुकिमी’ बर्गर येतो. त्सुकिमी म्हणजे चंद्रदर्शन. आपण कोजागरीला चंद्र पाहतो ना, तसाच तिथला सण! बर्गरमधलं गोल अंडं म्हणजे पौर्णिमेचा चंद्र. याच जपानमध्ये नाताळच्या दिवसांत लोक केंटकी फ्राइड चिकनच्या दुकानात आधीच नाव नोंदवून ठेवतात. तिथे ख्रिस्ती लोक अगदी थोडे, पण १९७४ सालच्या एका जाहिरातीने अशी काही जादू केली, की नाताळ म्हणजे तळलेलं चिकन हे समीकरणच होऊन बसलं.

फ्रान्समध्ये तुम्ही ‘क्वार्टर पाउंडर’ मागितलात तर अडचण येईल. तिथे वजन पाउंडात नव्हे, किलो-ग्रॅममध्ये मोजतात. म्हणून त्या बर्गरचं नाव तिथे ‘रॉयल चीज’.

फिलिपिन्समध्ये तर आणखी मज्जा. तिथे ‘जॉलिबी’ नावाची देशी साखळी आहे. लाल मधमाशी हे तिचं चिन्ह. तळलेल्या चिकनबरोबर भात आणि चक्क गोड चवीची स्पॅगेटी! १९९८ साली ही साखळी उलट अमेरिकेतच जाऊन पोचली. म्हणजे बर्गरचा रस्ता एकेरी नाही बरं का!

हाँगकाँगमध्ये शाळा सुटली की मुलं दप्तरं घेऊन अशा हॉटेलात शिरतात आणि तिथेच गृहपाठ करत बसतात, असं तिथे अभ्यास करणाऱ्या संशोधकांना दिसलं. घरं लहान, हॉटेलात मात्र थंडगार हवा आणि ऐसपैस टेबलं. झाली अभ्यासिका तयार!

आणि आपल्याकडे? ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्लीच्या वसंत विहार भागात पहिलं मॅकडोनाल्ड्स उघडलं. गाईचं मांस नसलेलं हे त्यांचं जगातलं पहिलंच हॉटेल. डुकराचं मांसही नाही. शाकाहारी पदार्थांसाठी वेगळी जागा, वेगळी भांडी, अंडं नसलेलं मेयोनीज आणि आपल्या ओळखीची आलू टिक्की. आणि ऐका, त्यासाठीचं चीज बारामतीहून आणि लेट्यूसची पानं तळेगावहून यायची! अमेरिकन बर्गरच्या पोटात आपलं पुणे जिल्हा होता म्हणायचा.

फ्राइजमध्ये काय असणार? बटाटा!

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्यापैकी कितीतरी जण घरी शाकाहारी असतात. कुणी गाईचं मांस खात नाही, कुणी डुकराचं. परदेशात गेल्यावर अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, “काही नाही तर फ्राइज घे. बटाट्यात काय असणार?”

हाच प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला होता! मॅकडोनाल्ड्सचे फ्राइज पूर्वी मुख्यतः गाई-बैलांच्या चरबीत तळले जायचे. १९९० साली कंपनीने जाहीर केलं, की आता आम्ही वनस्पती तेल वापरणार. शाकाहारी लोक खूश झाले आणि निर्धास्तपणे खाऊ लागले. पण जुनी चव यावी म्हणून फ्राइजमध्ये बीफपासून बनवलेला स्वाद घातला जात होता. २००१ साली हे उघड झाल्यावर अमेरिकेतल्या हिंदू आणि इतर शाकाहारी लोकांनी दावा लावला. कंपनीने माफी मागितली आणि २००२ साली एक कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. हे पैसे शाकाहारी, हिंदू आणि इतर संस्थांना द्यायचे ठरले.

विचार करा, त्या लोकांना किती वाईट वाटलं असेल! चूक त्यांची नव्हती. त्यांनी विश्वास ठेवला होता. कुणी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आपण काय खातोय हे कळण्याचा हक्क मात्र प्रत्येकाला आहे. अमेरिकेतल्या त्या फ्राइजच्या घटकांच्या यादीत आजही बीफच्या स्वादाचा उल्लेख असतो. ब्रिटनमध्ये आणि भारतात तसं नाही. म्हणजे पदार्थ तोच, कंपनी तीच, पण देश बदलला की उत्तर बदललं!

म्हणून दोस्तांनो, विचारायला लाजायचं नाही. काउंटरवरच्या ताईला किंवा दादाला घटकांची यादी मागता येते. कंपन्यांच्या वेबसाइटवरही ती असते. ज्यांना शेंगदाणे, दूध किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी तर हा जिवाचा प्रश्न आहे.

काउंटरवर जाण्यापूर्वी

* हॅम्बर्गरमध्ये ‘हॅम’, म्हणजे डुकराचं मांस, नसतं. हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलं. आत बहुधा गाई-बैलाचं मांस, म्हणजे बीफ असतं.
* ‘नॉनव्हेज’ हा शब्द आपल्याकडचा. तिकडे तो बऱ्याच जणांना कळत नाही. सरळ सांगा : ‘नो मीट, नो चिकन, नो फिश, नो एग.’ मासे म्हणजे मांस नव्हे, असं समजणारेही भेटतात!
* आपल्याकडच्या पाकिटांवरचा हिरवा ठिपका तिकडे शोधू नका. ‘व्हीगन’ लिहिलं असेल तर त्यात दूध-अंडंही नसतं. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ असेल तर अंडं असू शकतं.
* काही प्रकारच्या चीजमध्ये रेनेट असतं. ते वासराच्या जठरातून काढतात. कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या.
* अमेरिकेत बहुतेक राज्यांत फलकावरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. पाच डॉलरची वस्तू म्हणून पाचचीच नोट पुढे कराल तर फजिती!
* युरोपात पुष्कळ ठिकाणी केचपच्या पुडीचे वेगळे पैसे पडतात. फ्रान्समध्ये २०२३ पासून मोठ्या हॉटेलांत बसून खाणाऱ्यांना धुऊन पुन्हा वापरता येणारी भांडीच द्यावी लागतात. ती कचऱ्यात टाकू नका!
* खाऊन झाल्यावर आपला ट्रे आपणच उचलायचा. तिथे तो रिवाज आहे.
* अमेरिकेत अनेक ठिकाणी कोला हवा तितक्या वेळा भरून घेता येतो. म्हणून घ्यायचाच असं नाही. एका लहान डब्यात साधारण सात-आठ चमचे साखर असते!

रोममधला निषेध

सगळ्यांनाच ही कमान आवडली असं मात्र नाही. १९८६ साली इटलीची राजधानी रोममध्ये, तिथल्या प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स उघडलं, तेव्हा बरेच जण चिडले. निषेधासाठी त्यांनी काय करावं? जमलेल्या लोकांना चक्क पास्ता वाटला! दगड नाही, काठ्या नाहीत, आपली स्वतःची चव पुढे केली. कार्लो पेत्रिनी या पत्रकाराच्या पुढाकाराने यातूनच ‘स्लो फूड’ ही चळवळ उभी राहिली. तिचं चिन्ह आहे गोगलगाय! सावकाश शिजवा, सावकाश खा, गावचं पिकलेलं खा, असं ही चळवळ सांगते.

मग परदेशात बर्गर खायचाच नाही का? तसं मुळीच नाही. खूप दमलोय, धाकट्या बहिणीने भोकाड पसरलंय, गाडी सुटायला वीस मिनिटं उरलीत, अशा वेळी ती पिवळी कमान देवासारखी भेटते. स्वच्छतागृह मिळतं, तेही महत्त्वाचंच की! पण सात दिवसांत सात वेळा तिथेच गेलात, तर तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणायचे. एक सोपा हिशेब ठेवा. एकदा ओळखीचं खाल्लं, तर पुढच्या वेळी त्या गावचं काहीतरी चाखायचं. रोमचा पिझ्झा, टोकियोचा भाताचा गोळा ओनिगिरी, मेक्सिकोतली मक्याची पोळी. शाकाहारी लोकांनाही यातलं बरंच काही मिळतं, फक्त वरच्यासारखं विचारून घ्यायचं.

अबब! बर्गर की ममी?

आइसलँड देशातलं मॅकडोनाल्ड्स ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं. तेव्हा एका माणसाने शेवटच्या दिवशी बर्गर आणि फ्राइज घेतले आणि ठेवून दिले. वर्षं गेली, तरी ते फारसे बदलले नाहीत! पुढे ते काचेत ठेवून लोकांना दाखवले गेले. हे भूत नव्हे, विज्ञान आहे. पातळ बर्गर आणि फ्राइजमधलं पाणी लवकर उडून जातं, आणि पाणी नसेल तर बुरशी वाढत नाही. आपले पापड आणि सांडगे वर्षभर टिकतात ते याच कारणाने.

करून पाहा

आता एक उलटा खेळ खेळूया. तुमच्या वयाचा एक परदेशी मुलगा दादर स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीसमोर उभा आहे. तो काही खास पदार्थच खातो, आणि पाटी मराठीत आहे. त्याला काय काय सांगावं लागेल? पावात काय, वड्यात काय, लाल चटणी किती तिखट, हिरवी मिरची चावायची की नुसती पाहायची? दहा ओळींत लिहून काढा आणि आम्हाला पाठवा. लिहिताना गाडीवाल्या काकांना विचारायला विसरू नका. कदाचित तुम्हालाही ठाऊक नसलेली एखादी गोष्ट वड्यात निघायची!