आवडीचं गाणं आणि गाणारीचं नाव



बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले की आमच्या गटात गाण्यांचा विषय निघतोच. तरुण सुनांना ‘सैराट’ची गाणी आवडतात. मधल्या वयाच्या आम्हा बायकांना ‘जैत रे जैत’ची. थोरल्या बायका मात्र म्हणतात, “आमची आवड जात्यावरची ओवी.”

सिनेमाच्या गाण्याला नाव-गाव असतं. ‘सैराट’चं संगीत अजय-अतुल यांचं. ‘जैत रे जैत’ची गाणी ना. धों. महानोरांची, चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. ओवी कुणाची विचारलं, तर उत्तर येतं, “आईकडून ऐकली.” पण त्या आईनंही तिच्यात स्वतःचं काही घातलेलं असतंच.

ओवी बसून, कागदावर लिहिलेली नसायची. पहाटे खुंटा धरला की हाताच्या लयीवर शब्द यायचे. आधी देवाचं नाव, मग आईबाप, भाऊ, लेकरं आणि सासुरवास. तोंडानं बोलता येत नव्हतं, ते बाई जात्याला सांगायची. विजेची गिरणी आली आणि पहाटेचं दळण थांबलं. कष्ट वाचले, ते बरंच झालं. जातं परत आणा, असं आम्ही म्हणत नाही. पण गाण्याची वेळ गेली आणि गाणं पाठोपाठ निघालं.

लिहून ठेवलं तर काय होतं, ते बहिणाबाई चौधरींकडे बघून कळतं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम, शेतकाम करताना त्या गात. मुलगा सोपानदेव आणि घरच्या माणसांनी ती गाणी टिपून ठेवली. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या आणि 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक निघालं. वही नसती, तर आज आपल्याकडे काय उरलं असतं?

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हेच काम मोठं केलं. त्यांनी आणि सोबतच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, गाणारीच्या नावा-गावासकट. त्यातल्या बऱ्याच आता ‘पारी’च्या संकेतस्थळावर वाचायला आणि काही ऐकायलाही मिळतात.

आपल्या गटाला हे जमेल. मोबाईलमध्ये रेकॉर्डिंगची सोय असतेच. पंखा आणि टीव्ही बंद करा, फोन वीतभर अंतरावर ठेवा. आधी नाव, गाव, तारीख आणि ओवी कुणाकडून आली ते बोलून घ्या. मग मध्ये न बोलता गाऊ द्या. शब्द त्याच दिवशी वहीत उतरवा, कारण जुना शब्द नंतर विचारायला माणूस असेलच असं नाही. रेकॉर्डिंगची एक प्रत दुसऱ्या फोनवर ठेवा.

एक गोष्ट विसरू नका. सासुरवासाची ओवी ऐकवली तर घरात वाद होऊ शकतो. रेडिओवर लावू का, नाव सांगू का, हे त्या बाईला एकटीला गाठून विचारा. ती नको म्हणाली, तर नको.

आणि नवी गाणी? नवं गाणं म्हटलं की आपण मुंबई-पुण्याकडे बघतो. आम्ही मात्र मंगळागौरीची, भोंडल्याची आणि भुलाबाईची वाट बघतोय. या गाण्यांत बायका नेहमीच नवी कडवी जोडत आल्या. आता कुणी कर्जाच्या हप्त्यावर जोडेल, कुणी पाण्याच्या टँकरवर, कुणी लेकीच्या कॉलेजवर. सामुदायिक रेडिओच्या नियमात तर निम्मे तरी कार्यक्रम गावच्या लोकांच्या सहभागानं करायचे असतात. म्हणजे तिथली जागा आपलीच आहे.

पुढच्या बैठकीत गटातल्या सगळ्यांत थोरल्या बाईपासून सुरुवात करा. तिचं गाणं घ्या आणि वहीत त्याच्यावर तिचं नाव लिहा.