शस्त्रक्रियेनंतरचा खांदा

बेसबॉलच्या खेळांत चेंडू फेकणाऱ्याचें सारें भाग्य त्याच्या खांद्यांत असतें. खांद्याची खोबण उथळ. तिच्या कडेचें कूर्चेचें कडें बाहूचें हाड स्थिर ठेवतें. तें फाटल्यास शस्त्रवैद्य टांक्यांनीं पुनः हाडाशीं जखडतात. परंतु वेदना आधीं शमते, सांधा मागाहून बळावतो. म्हणून घाई घातक. प्रथम व्यायाम, कांहीं महिन्यांनीं जवळून हलकी फेक, मग वाढतें अंतर आणि अखेरीस पूर्ण वेग, असा क्रम असतो. तरीहि कित्येकांना पूर्वीचें सामर्थ्य लाभत नाहीं.

अमेरिकेंत डॉजर्स संघाकडून खेळणाऱ्या दक्षिण कोरियाच्या र्‍यू ह्यून-जिन ह्या डावखुऱ्या खेळाडूच्या खांद्यावर २०१५ सालीं अशीच शस्त्रक्रिया झाली. २०१६ सालीं तो एकच सामना खेळला. २०१९ सालीं मात्र नऊ डावांमागें अवघ्या २.३२ धावा, ही त्याची सरासरी तेथील प्रमुख स्पर्धांत सर्वोत्तम ठरली. खांदा शस्त्रानें जुळतो. खेळाडू परततो तो धीरानें.