विश्लेषण : स्वस्तातली सेकंडहँड स्पोर्ट्स कार नंतर महाग का पडते?

नव्या मध्यम एसयूव्हीच्या किमतीत दोन दारांची जर्मन स्पोर्ट्स कार. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत असे सौदे रोज दिसतात. पासिंग दिल्ली, बेंगळुरू किंवा मुंबईचे, गाडी नऊ-दहा वर्षांची, मीटर ५० हजार किलोमीटरच्या आत. पुण्याकडे आणि हैदराबादकडे जाणारा चौपदरी महामार्ग दाराशी असलेल्या सोलापूरकर तरुणाला अशा गाडीचा मोह पडला तर नवल नाही. पण ‘एमएच-१३’ हद्दीत आल्यावर तिचा खरा खर्च सुरू होतो. तो किती आणि कशामुळे, याचा हा आढावा.

भाव एवढा का पडतो?

गाडीची किंमत वयाप्रमाणे उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. सगळा घोळ या एका गोष्टीत आहे. विमा क्षेत्रातील प्रचलित घसारा तक्त्यानुसार चार ते पाच वर्षांच्या गाडीचे विमामूल्य मूळ किमतीच्या निम्म्यावर येते. त्यापुढचे मूल्य विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. स्पोर्ट्स कारला गिऱ्हाईक मुळातच कमी, त्यामुळे ती बाजारात आणखी वेगाने घसरते. ऑडी टीटीची तिसरी आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये ६०.३४ लाख रुपयांना भारतात आली. आज ती गाडी मूळ किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळाली, तरी तिची ब्रेक डिस्क, गिअरबॉक्स किंवा हेडलॅम्प ६० लाखांच्या गाडीच्याच दराने येतो. त्यात बरेच भाग आयात होतात. म्हणजे घेणारा दहा-बारा लाखांचा मालक होतो, पण बिले ६० लाखांच्या मालकाची भरतो.

भाव पडण्यामागे दिल्लीचाही हात आहे. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश आणि २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यांमुळे राजधानी परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले खरे. पण त्याआधीच्या वर्षांत तिकडच्या अनेक महागड्या गाड्या पडेल भावात इतर राज्यांत गेल्या. स्वस्ताईचे कारण दर वेळी गाडीतला दोष नसतो, हे यावरून दिसते. मात्र जाहिरातीवरून दोष आणि नाइलाज यांतला फरक कळत नाही.

रांजणगावच्या अबार्थचे उदाहरण

जर्मन गाडी दूर राहू द्या. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावात बनलेली फियाटची अबार्थ पुंटो पाहा. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती ९.९५ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला बाजारात आली. १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल टी-जेट इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. त्या किमतीत इतकी ताकद देणारी दुसरी हॅचबॅक तेव्हा नव्हती आणि शौकिनांत तिचे नाव आजही निघते. पुढे फियाटने भारतातल्या आपल्या ब्रँडच्या गाड्यांची विक्री बंद केली.

इथे एक गंमत आहे. फियाटचेच १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन मारुती स्विफ्टमध्ये होते, टाटाच्या गाड्यांतही होते. त्याचे भाग आजही गल्लीतल्या दुकानात मिळतात आणि ते डोळे मिटून खोलणारा मिस्त्री सोलापुरात शोधावा लागत नाही. टी-जेटचे नशीब तसे नाही. ते मोजक्या गाड्यांत बसले. त्यामुळे अबार्थचा दरवाजा, काच किंवा पुढचा बंपर साध्या पुंटोवरून जुळवता येतो. टर्बो किंवा इंजिनच्या आतला भाग गेला की मग पुण्या-मुंबईला फोनाफोनी, कुर्ल्याचा जुन्या स्पेअर पार्टचा बाजार, तिथेही नाही तर दिल्लीचे मायापुरी. भागाच्या किमतीपेक्षा तो येईपर्यंत गाडी गॅरेजात उभी राहते, हा तोटा मोठा असतो.

याच्या उलट गोष्ट अलिबागजवळच्या कार्लेखिंडीतल्या चिंकारा मोटर्सच्या रोडस्टरची. दिसायला जुन्या इंग्रजी रेसिंग कारसारखी, पण इंजिन इसुझूचे १.८ लिटरचे. इसुझूचे १.८ इंजिन अॅम्बेसेडरलाही मिळत असे, त्यामुळे जुन्या मिस्त्रींना ते परके नाही. गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मला रेनोचे १.२ लिटरचे इंजिन आणि फायबरग्लासची बॉडी होती. म्हणजे गाडी किती दुर्मीळ यापेक्षा तिच्या पोटात काय आहे हे पाहणे शहाणपणाचे. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. २०१६ मध्ये ६५ लाखांना आलेली पाच लिटरची व्ही-८ मस्टँग घेऊ पाहणाऱ्यानेही तो दिवस लक्षात ठेवावा.

सर्वांत मोठे बिल कशाचे?

बहुतेक वेळा गिअरबॉक्सचे. गेल्या पंधरा वर्षांतल्या बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांत दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. फोक्सवॅगन समूह त्याला ‘डीएसजी’ किंवा ‘एस ट्रॉनिक’ म्हणतो. यात दोन जाती आहेत. तेलात बुडालेल्या ओल्या क्लचचा सहा गिअरचा बॉक्स दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलत राहिले तर दमदार निघतो. कोरड्या क्लचचा सात गिअरचा बॉक्स मात्र गर्दीत, उन्हात आणि थांबत-सरकत चालवताना तापतो. त्यावरचा ‘मेकाट्रॉनिक्स’ नावाचा भाग, म्हणजे गिअर बदलणारा हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक मेंदू, बिघडला की गाडी जागेवरून हलत नाही. याच जातीच्या गिअरबॉक्ससाठी फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरातील सुमारे १६ लाख गाड्यांतले तेल बदलण्याची मोहीम घेतली होती. २०१६ मध्ये २५.९९ लाखांना आलेल्या आणि भारतासाठी फक्त ९९ नग ठेवलेल्या पोलो जीटीआयमध्ये हाच कोरड्या क्लचचा बॉक्स आहे. मेकाट्रॉनिक्स नवे घ्यायचे तर बिल लाखाच्या घरात जाते. काही कुशल गॅरेजवाले जुनेच दुरुस्त करून देतात, पण ते काम करणारे हात मोठ्या शहरांत आहेत.

त्यानंतर इंजिन. फोक्सवॅगन-ऑडीच्या दोन लिटर टर्बो इंजिनांच्या एका पिढीला तेल पिण्याची खोड होती. मूळ पिस्टन रिंगमध्ये दोष. बीएमडब्ल्यूच्या काही चार सिलिंडर टर्बो इंजिनांत टायमिंग चेनचे प्लॅस्टिक गाइड झिजून तुटतात. १९९७ ते २००८ या काळातल्या पोर्शच्या अनेक बॉक्स्टर आणि ९११ गाड्यांत ‘आयएमएस’ नावाचे एक बेअरिंग आहे. ते फुटले की अख्खे इंजिन जाते. असे बिल गाडीच्या किमतीशी बरोबरी करते, म्हणून अशी गाडी घेताना त्या बेअरिंगचे काम झाल्याची पावती मागावी. तोंडी ‘सगळं ओके आहे’ याला अर्थ नाही.

बाकीचे खर्च लहान दिसतात, पण एकत्र येतात. एक अंदाजी ताळेबंद मांडू. समजा दहा वर्षांची जर्मन कुपे १२ लाखांना घेतली आणि तिची राहिलेली कामे पहिल्याच वर्षी आली. चार टायर ८० हजार, पुढच्या-मागच्या ब्रेक डिस्क आणि पॅड ८० हजार, सस्पेन्शनचे आर्म आणि बुश ६० हजार, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट ४० हजार, गिअरबॉक्स व फोर-व्हील ड्राइव्हचे तेल ३५ हजार, इंजिन माउंटिंग ३० हजार, बॅटरी २५ हजार. बेरीज साडेतीन लाख. म्हणजे खरेदीच्या जवळपास ३० टक्के, आणि यात काहीही ‘बिघडलेले’ नाही. ही सगळी झीज आहे. गॅरेज आणि मॉडेलनुसार आकडे वर-खाली होतील, प्रमाण फारसे बदलत नाही.

सोलापुरात वेगळे काय?

अंतर आणि ऊन. अशा गाड्यांच्या अधिकृत कार्यशाळेसाठी साधारणपणे पुण्याची वाट धरावी लागते. अंतर सुमारे २५० किलोमीटर. दुसऱ्या बाजूला हैदराबाद तीनशेच्या पुढे. गिअरबॉक्स अडकलेली ऑटोमॅटिक किंवा फोर-व्हील ड्राइव्ह गाडी दोरीने ओढून नेता येत नाही, फ्लॅटबेड लागतो. किलोमीटरला ४० रुपये दर आणि रिकाम्या परतीचे भाडे धरले, तर स्पॅनर हातात घेण्यापूर्वीच २० हजार खर्च होतात.

उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा टर्बो इंजिनच्या कूलिंगची खरी परीक्षा होते. या इंजिनांना ठरलेले कूलंटच लागते. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतायची आपल्याकडची सवय इथे महागात पडते. जड पाण्याचा क्षार बारीक नळ्यांत साचतो. जमिनीपासूनची उंची कमी असल्याने गल्लीबोळातले घरगुती स्पीडब्रेकर इंजिनखालच्या ऑइल संपला घासतात. त्या संपला तडा गेला, तेल गळाले आणि चालकाने लाल दिव्याकडे दुर्लक्ष केले, की पुढचे बिल इंजिनचे.

पेट्रोलचा मुद्दाही आहे. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. जुन्या गाडीच्या इंधन नळ्या, रबरी सील आणि पंप तपासून, गरज असेल तर बदलून घेणे हा खर्च हिशेबात धरावा.

विमा भरून देतो का?

नाही. हा गैरसमज सर्वाधिक आहे. सर्वसमावेशक पॉलिसी अपघात, चोरी, आग, पूर यांसाठी असते. झीज आणि यांत्रिक बिघाड तिच्यात बसत नाहीत, म्हणजे मेकाट्रॉनिक्सचे बिल मालकाचेच. अपघात झाला तरी रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के घसारा कापला जातो. ‘झिरो डेप’ जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. १५०० सीसीवरील खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ च्या दराने ७,८९७ रुपये अधिक जीएसटी आहे, ही त्यातली किरकोळ रक्कम. आधीच्या मालकाने इंजिनचे ‘रिमॅपिंग’ किंवा मोठा एक्झॉस्ट केला असेल आणि तो आरसीवर व पॉलिसीत नसेल, तर दावा अडकण्याची भीती वेगळी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे बदल सहजासहजी करू देत नाही.

कागदपत्रांत काय पाहावे?

परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटले असेल तर फॉर्म ३५. बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी महाराष्ट्रात ठेवायची तर नव्याने नोंदणी आणि इथला कर. आयात गाडीला कराचा दर जास्त. पंधरा वर्षांनंतर आरसीचे नूतनीकरण करताना साध्या कारला पाच हजार, तर आयात कारला ४० हजार रुपये शुल्क एप्रिल २०२२ पासून आहे. दुकानदाराकडून घेताना त्याच्याकडे आरटीओचे अधिकृत विक्रेता प्रमाणपत्र आहे का, हे विचारावे. एप्रिल २०२३ पासून तो नियम आहे. नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. नऊ लाखांना घेतलेली गाडी त्याने दहाला विकली, तर कर एक लाखावर, म्हणजे १८ हजार. दोन व्यक्तींमधल्या थेट व्यवहाराला तो नाही.

चासी नंबर गाडीवरचा आणि आरसीवरचा स्वतः ताडून पाहावा, ‘वाहन’ पोर्टलवर कर्जाची नोंद तपासावी. अवंती ही देशी बनावटीची स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाला डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी अटक केली, तेव्हा आरोप एकाच गाडीवर अनेक कर्जे आणि दुहेरी नोंदणीचे होते.

बयाणा देण्याआधी

गाडी पाहायला जाताना विक्रेत्याला इंजिन गरम करू देऊ नये. थंड इंजिनच आवाज, निळा धूर आणि चेनची खडखड दाखवते. नंतर भर दुपारी एसी लावून गर्दीतून अर्धा-पाऊण तास चालवावी. कोरड्या क्लचचा झटका तेव्हाच कळतो. स्कॅनर लावल्यावर एकही दोष दिसला नाही, पण यंत्रणेच्या आतल्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या, तर चेक लाइट आदल्या दिवशीच पुसला असण्याची शक्यता धरावी. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चेन्नईचा डिसेंबर २०१५ चा किंवा सांगली-कोल्हापूरचा ऑगस्ट २०१९ चा पूर पाहिलेली गाडी सीटखालच्या गालिच्याच्या वासावरून आणि सीटच्या गंजलेल्या बोल्टांवरून ओळखू येते. चासी नंबर देऊन अधिकृत कार्यशाळेतून सर्व्हिसचा इतिहास मागवावा, आणि लिफ्टवर चढवून पुण्यातल्या जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. त्या तपासणीची फी विक्रेत्याला टोचत असेल, तर तिथूनच परत फिरावे.